स्टाउटची चव आणि पारख

काळ्या रंगाविषयी आपल्या मनात एक जुना ग्रह आहे. चहा काळाभोर झाला की तो 'कडक' झाला, असे आपण म्हणतो. आयरिश धाटणीच्या स्टाउट बिअरकडेही माणूस हाच ग्रह घेऊन पाहतो. पेला काजळासारखा काळा आणि वर साईसारखा दाट फेस; तेव्हा हे पेय जड, गोड आणि डोक्यात जाणारे असणार, असा निकाल तो पेल्याला ओठ लावण्यापूर्वीच देऊन टाकतो. हे तिन्ही निकाल बहुधा चुकतात. डब्लिनच्या गिनेस कारखान्याच्या पिंपातल्या स्टाउटमध्ये अल्कोहोल सुमारे ४.२ टक्के असते. पुष्कळ पिवळ्या बिअरींत ते याहून अधिक भरते.

मग हा काळेपणा येतो कोठून? नाचणीचे सत्त्व काढण्यापूर्वी आपण जसे नाचणीला मोड आणतो, तसे बिअरसाठी सातूला मोड आणून तो वाळवतात. मोडाबरोबर धान्यातली विकरे जागी होतात व गरम पाण्यात ती पिठाची साखर करतात. ती साखर यीस्ट खाते आणि तिचे अल्कोहोल होते. स्टाउटमधला बहुतेक सातू असा फिकटच असतो. त्याच्या जोडीला शेकडा दहाच्या आसपास मोड न आणलेला सातू, कॉफीच्या बियांप्रमाणे काळा होईतो भाजून, घालतात. एवढ्याने सारा पेला काळा होतो. धान्य असे काळे भाजण्याच्या पिंपाचे पेटंट डॅनियल व्हीलर याने १८१७ मध्ये इंग्लंडात घेतले. पुढे १८८० मध्ये ब्रिटिश सरकारने मोडाच्या धान्यावरचा कर उठवून तो बिअरवर बसवला, आणि मोड न आणलेले धान्य वापरण्याची वाट कायद्याने मोकळी झाली.

या स्टाउटला 'कोरडी' म्हणतात. पेय कसले कोरडे, असे कोणी विचारील. येथे कोरडी म्हणजे गोडवा न उरलेली. यीस्टने बहुतेक साखर खाऊन टाकलेली असते. इंग्लंडातल्या 'मिल्क स्टाउट'मध्ये दुग्धशर्करा घालतात. बिअरच्या यीस्टला ती पचत नाही, म्हणून ती बिअर गोड राहते. आयरिश स्टाउटचे तसे नाही.

आता चव कशी पाहावी ते सांगतो. ज्या पानगृहात बिअर तिथल्या तिथे तयार होते त्याला ब्रूपब म्हणतात. तेथे पेला हाती आल्यावर प्रथम घाई करू नये. फार थंड पेयाचा वास दबतो, म्हणून थोडा वेळ जाऊ द्यावा. मग वास घ्यावा : कॉफी, साखर न घातलेला कोको, करपट भाजलेला पाव. पहिल्या घोटात फेस अधिक कडू लागतो, कारण हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांतली कडू द्रव्ये फेसात गोळा होतात. म्हणून निकाल दुसऱ्या-तिसऱ्या घोटावर ठेवावा. हॉप्सचा कडूपणा आणि भाजलेल्या धान्याचा कडूपणा निरनिराळे ओळखू येतात का, ते पाहावे. भाजलेल्या धान्याला किंचित आंबटपणाही असतो. गिळल्यावर तोंड स्वच्छ, कोरडे राहिले, तर स्टाउट जमली. फेस साईसारखा मऊ असेल तर त्यात नायट्रोजन वापरला आहे. ही रीत गिनेसने १९५९ मध्ये आणली. नुसताच कार्बन डायऑक्साइड असेल तर जिभेला टोचणी जाणवते, आणि तीच बिअर अधिक तिखट भासते.

परंतु ब्रूपबमध्ये एका वेळी थोडीच बिअर तयार होते, आणि हा घाणा मागच्यासारखाच उतरेल असे नाही. एका पेल्यावरून त्या घराची किती पारख करावी? हाच प्रश्न गिनेस कारखान्यात विल्यम गॉसेट यांच्यापुढे होता. ते तेथे १८९९ मध्ये रुजू झाले. सातू आणि हॉप्स यांचे मोजकेच नमुने तपासून निर्णय करावा लागे. थोड्या नमुन्यांवरून किती खात्रीने बोलता येते, याचे गणित त्यांनी १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने प्रसिद्ध केले. आज पिकांच्या वाणांपासून औषधांपर्यंत अनेक परीक्षणांत ते वापरले जाते.

चवीच्या परीक्षेतही हाच धडा आहे. तीन पेले ठेवावेत, दोन एका बिअरचे व एक दुसरीचे, आणि डोळे बांधून वेगळा पेला ओळखावा. नुसत्या अंदाजानेही तीनांत एकदा उत्तर बरोबर येते. म्हणून एकदा जिंकल्याने जीभ तज्ज्ञ ठरत नाही. परीक्षा पुनःपुन्हा घ्यावी लागते. जे मद्य घेत नाहीत त्यांनी ती घरी दोन प्रकारच्या कॉफीवर करून पाहावी. डोळे मिटल्यावर आपली किती ठाम मते टिकतात, हे तेथेही तितकेच कळेल.