टपालाची लूट व टपाल वाहणाऱ्याचें रक्षण

शेतकीच्या मासिकांत टपालाचा विषय कशासाठीं, असें कोणी विचारील. त्यास उत्तर इतकेंच कीं, आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतील पुष्कळ कास्तकारांच्या घरीं बँकेची नोटीस, कोर्टाचें समन्स, मुलाच्या नोकरीचा कागद व वृद्ध आईबापांचा पैसा हीं सर्व एकाच मनुष्याच्या हातून पोंचतात. तो मनुष्य म्हणजे गांवचा डाकसेवक. तो रस्त्यांत लुटला गेला तर नुकसान सरकारचें झालें असें आपण समजतों. वास्तविक लुटले जातों ते आपण, आणि मार मात्र त्यास बसतो. म्हणून ही लूट कशी होते व ती कशानें टळते याचा येथें थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पूर्वीं टपाल पायीं जात असे. हलकारा खांद्यावर थैली टाकून, हातांत घुंगरें बांधलेली काठी किंवा भाला घेऊन, कांहीं मैलांचा टप्पा धांवत जाई आणि पुढच्या चौकीवर ती थैली दुसऱ्याच्या खांद्यावर देई. १७७४ सालीं वॉरन हेस्टिंग्ज यानें बंगालमध्यें सर्व लोकांसाठीं टपाल खुलें केलें, तेव्हां रानांतून जाणाऱ्या टप्प्यांवर हलकाऱ्याच्या सोबतीस मशालजी व वाजविणारा देत असत. मशाल व वाद्य हीं श्वापदांसाठीं. तीं दूर पळत यांत शंका नाहीं. पण जो आवाज वाघास दूर ठेवी तोच वाटमाऱ्यास वर्दी देई. (आपल्या बोथ्याच्या रानांत ही भीति अगदींच जुनी झाली आहे असें कोणीं समजूं नये, २०१९ सालीं यवतमाळकडील टिपेश्वर अभयारण्यांतून निघालेला एक वाघ शेंकडों कोस हिंडून आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यांत येऊन राहिला होता.) भाल्याविषयीं म्हणावें तर, झाडीआड बसलेल्या चौघांपुढें एकट्याच्या भाल्याचें काय चालणार? शस्त्र जवळ असलें म्हणजे चोर आधीं घाव घालतो, हाही अनुभव जुनाच आहे.

मराठी राज्यांत या संकटास वेगळा उपाय होता. चोरीचा माग ज्या गांवच्या शिवेंत येई, त्या गांवानें तो पुढें काढून द्यावा, नाहीं तर गेलेल्या मालाची भरपाई करावी, असा दंडक असे. जागले व रामोशी पावलांच्या खुणांवरून माग काढीत. हा दंडक कठोर होता व त्याचा बोजा बहुधा गांवांतील दुबळ्यांवर पडे; तो परत आणावा असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. परंतु वाटेनें जाणाऱ्या परक्याच्या जीवाची व मालाची काळजी ही गांवाची स्वतःची गोष्ट आहे, ही जाणीव त्यानें जागी ठेविली होती. आज ती राहिली आहे काय, हा प्रश्न प्रत्येक गांवानें आपल्या मनाशीं विचारावा.

१८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आला व १८६७ सालीं आगगाडीचा रस्ता मलकापूर, नांदुरा, शेगांव यांवरून नागपुरास पोंचला. १८७० मध्यें जलंबहून खामगांवास फांटा गेला. त्यामुळें पूर्णेच्या खोऱ्यांतील गांवांस टपाल रुळांवरून येऊं लागलें. पण बुलढाणें पडलें डोंगरावर. मलकापुराहून सुमारें ४५ किलोमीटर व मध्यें राजुराचा घाट. खामगांवाकडून यावें तर बोथ्याचें रान. मुख्य रस्त्यावर गाडीघोडा व पुढें मोटार आली. आडवाटेच्या खेड्यांस मात्र टपालाचा शेवटचा टप्पा पायीं अथवा सायकलीवरच राहिला. आजही उपडाकघरापासून शाखा डाकघरापर्यंतचा हाच तुकडा सर्वांत उघडा आहे.

टपालाच्या थैलीची व्यवस्था पुष्कळांस ठाऊक नसते, म्हणून ती थोडी सांगतों. थैलीचें तोंड बांधून त्यावर मोहोर करितात. ही मोहोर म्हणजे कुलूप नव्हे. चाकू असलेला कोणीही मनुष्य थैली फाडूं शकतो. मोहोर ही साक्षीदार आहे. थैली ज्या ज्या हातीं जाते, तेथें तेथें मोहोर शाबूत आहे कीं नाहीं हें पाहून सही होते. म्हणजे माल नाहींसा झाला तर तो कोणत्या दोन सह्यांच्या दरम्यान गेला हें कळतें. टपालांतील पुष्कळशी चोरी वाटेवर भाला दाखवून होत नाहीं, ती घरांत बसून हळूच होते. तिजवर या साध्या युक्तीइतका गुणकारी उपाय दुसरा नाहीं. पण उघड्या दरोड्यापुढें साक्षीदाराचें काय काम? तेथें निराळाच विचार करावा लागतो.

तो विचार आपल्या पूर्वजांनीं केला होता. नोटा टपालानें पाठविण्याचा प्रसंग आला म्हणजे सावकार नोट मधोमध कापीत, एक अर्ध एका टपालानें रवाना करीत व पोंच आल्यावर दुसरें पाठवीत. अर्धी नोट लुटून चोरास काय मिळणार! पुढें १८८० सालीं टपालखात्यानें मनिऑर्डर सुरू केली, तेव्हां नोट पाठविण्याचेंही कारण राहिलें नाहीं. थैलींतून रुपयांऐवजीं रुपये देण्याचा हुकूम जाऊं लागला. हुकूम लुटणाऱ्यास दमडीही मिळत नसे. आमच्या मतें टपाल वाहणाऱ्याचे प्राण जितके या कागदानें वांचविले, तितके कोणत्याही भाल्यानें वांचविले नसतील.

परदेशांतही हेंच दिसतें. ८ ऑगस्ट १९६३ रोजीं इंग्लंडांत टपालाची एक आगगाडी रात्रीं अडवून सुमारें २६ लाख पौंड लुटण्यांत आले. त्या गाडींत बँकांच्या नोटांच्या थैल्या होत्या हें दरोडेखोरांस आधींच कळलें होतें. गाडी हांकणाऱ्याच्या डोक्यावर घाव बसला व तो पुन्हा पूर्वीसारखा झाला नाहीं. अमेरिकेंत अलीकडे वेगळेंच घडलें. तेथें टपालवाल्यापाशीं एक किल्ली असते व तिनें पुष्कळ टपालपेट्या उघडतात. चोरांस पत्रें नकोत, पत्रांतील चेक हवेत. चेकवरील नांव धुऊन ते वटवितात. त्या एका किल्लीपायीं टपालवाल्यांवर पिस्तुलें रोखलीं जाऊं लागलीं. मे २०२३ मध्यें तेथील टपालखात्यानें अशीं ४९,००० कुलुपें बदलून विजेचीं कुलुपें बसविण्याची योजना जाहीर केली. त्यांस नुसती किल्ली पुरत नाहीं. अर्ध्या नोटेचीच ही युक्ति, नव्या वेषांत.

आतां आपल्या गांवाकडे वळूं. मनिऑर्डर आतां तारांवरून जाते, पैसा खात्यांत जमा होतो, १ सप्टेंबर २०१८ पासून टपालखात्याची पेमेंट्स बँक निघाली आहे व डाकसेवक दारीं येऊन अंगठा घेऊन पैसा देतो. ही सोय उत्तम आहे. जो म्हातारा तालुक्याच्या गांवीं जाऊं शकत नाहीं त्याचें हिणें कल्याण झालें. परंतु यांत एक गोष्ट नजरेआड झाली. जो पैसा मनिऑर्डरीनें थैलींतून काढला होता तो या सोयीनें पुन्हा डाकसेवकाच्या पिशवींत आला. चोरासही हें कळतें.

याचें सर्वांत स्पष्ट उदाहरण पंतप्रधान किसान योजनेच्या हप्त्याचें आहे. दोन हजारांचा हप्ता सर्व गांवाच्या खात्यांत एकाच दिवशीं येतो. त्याची बातमी वर्तमानपत्रांत आधींच छापलेली असते. दुसऱ्या दिवशीं सकाळीं अर्धा गांव डाकघराच्या दारीं. मग डाकसेवकानें उपडाकघरांतून मोठी रक्कम आणावी, तीही नेहमींच्याच रस्त्यानें व नेहमींच्याच वेळीं. वाटमाऱ्यास याहून अधिक काय सांगावयाचें राहिलें? शाखा डाकघरांत किती रोकड ठेवावी याची मर्यादा खात्यानें घातलेली असते. तिचा आपणांस त्रास होतो म्हणून आपण कुरकुरतों, पण ती मर्यादा म्हणजे डाकसेवकाची ढाल आहे. ज्यांस मोठी रक्कम पाहिजे त्यांनीं ती तालुक्याच्या डाकघरांत अथवा बँकेंत जाऊन काढावी. बाकीच्यांनीं गल्लीवार दिवस वांटून घ्यावे. एखाद्या सहकारी संस्थेनें अथवा ग्रामपंचायतीनें हें मनावर घेतलें तर एका बैठकींत ठरेल. रोकड आणण्याच्या दिवशीं पोलीसपाटलानें अथवा त्याच रस्त्यानें मोटारसायकलीनें जाणाऱ्या कोणीं विश्वासू माणसानें सोबत करावी, आणि कोणत्या दिवशीं किती रक्कम येणार याची चर्चा पारावर व हॉटेलांत करूं नये.

येथें आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. डाकसेवकांची निवड हल्लीं दहावीच्या गुणांवर होते; त्यामुळें परजिल्ह्यांतील तरुण व पुष्कळ वेळां एकट्या मुली आपल्या खेड्यांत येतात. त्यांस रस्ता ठाऊक नसतो, माणसें ठाऊक नसतात. जी गांवची लेक असती तिला आपण संध्याकाळीं नाल्याकांठानें एकटी जाऊं दिली नसती. मग हिला कां जाऊं द्यावें? हिच्या कामाची वेळ संपल्यावर "एवढें घरीं आणून दे" असा आग्रह धरणें हें आम्हांस तरी माणुसकीचें दिसत नाहीं.

घरांतील चोरीविषयीं थोडकें लिहितों. पैसे भरतांच पासबुकावर नोंद व शिक्का घ्यावा, उद्यांवर ठेवूं नये. अंगठा एकदां दिल्यावर "उमटला नाहीं, पुन्हा द्या" असें कोणी म्हणाल्यास आधीं शिल्लक वाचून घ्यावी. साध्या पाकिटांत नोटा घालणें नियमाविरुद्ध आहे; पाठवावयाच्याच असतील तर विमा उतरून पाठवाव्या. रजिस्टर टपाल २०२५ सालीं स्पीड पोस्टांत सामील झालें आहे. महत्त्वाचा कागद पाठवितांना थोडें अधिक शुल्क भरल्यास तो ज्याचा त्याच्याच हातीं, अथवा मोबाईलवर आलेला आंकडा विचारूनच, दिला जातो. ही पावती व ही नोंद जशी आपणांस उपयोगी, तशीच प्रामाणिक डाकसेवकासही. कारण गांवांत पैशाचा घोळ झाला कीं पहिलें बोट त्याच्याकडे जातें, आणि कागद नसला तर निर्दोष मनुष्याजवळ बोलावयास कांहींच राहत नाहीं.

कायद्याची स्थिति बदलली आहे. १८९८ च्या जुन्या पोस्ट ऑफिस कायद्यांत टपाल चोरणाऱ्या नोकरास ७ वर्षांपर्यंत कैद सांगितली होती. त्याच्या जागीं आलेला २०२३ चा कायदा १८ जून २०२४ पासून लागू झाला. त्यांत अशीं शिक्षेचीं कलमें नाहींत, म्हणून आतां सर्व भार भारतीय न्याय संहितेवर आहे. जबरी चोरीस १० वर्षांपर्यंत सक्त कैद, आणि ती हमरस्त्यावर सूर्यास्त ते सूर्योदय या वेळांत झाल्यास १४ वर्षांपर्यंत. कामावरील सरकारी नोकरावर हात टाकणें हा निराळा गुन्हा आहे.

प्रसंग आलाच तर डाकसेवकानें थैलीसाठीं झुंजूं नये. थैलींतील रक्कम भरून निघेल, फुटलें डोकें नाहीं. त्याला पाहणाऱ्यानें ११२ वर कळवावें, जागेवरील खुणा तुडवूं नयेत व उपडाकघरास ताबडतोब वर्दी द्यावी. घाटांत गुन्हा घडला म्हणजे तो खालच्या ठाण्याचा कीं वरच्या, असा वाद पूर्वीं होत असे आणि तेवढ्यांत चोर दूर जाई. २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणें हद्दीचें कारण सांगून फिर्याद नाकारतां येत नाहीं. जें ठाणें जवळ असेल त्यानें ती लिहून घेऊन पुढें पाठवावयाची असते. तेव्हां राजुराच्या घाटांत कांहीं घडल्यास वर जावें कीं खालीं याचा विचार करीत बसूं नये, ज्या बाजूची मोटार आधीं मिळेल त्या बाजूच्या ठाण्यांत जावें.