जुन्या पोकलेनचे तापमान-सेन्सर : दोष शोधावा कसा?

आपल्यातील काही तरुण बांधवांनी कर्ज काढून जुने पोकलेन मशीन घेतले आहे. काही जण आय.टी.आय. करून अशाच मशीनवर ऑपरेटर किंवा मेकॅनिक म्हणून काम करीत आहेत. जुन्या मशीनची एक नेहमीची तक्रार इंजिनाच्या तापमानाची असते. काटा लाल पट्ट्यात जातो, बझर वाजतो, काम बंद पडते. कोणी म्हणतो हेड गॅस्केट गेले, कोणी म्हणतो रेडिएटर बदला. हजारो रुपये खर्च होतात आणि शेवटी दोष निघतो एका हिरव्या पडलेल्या पिनेत! याच्या उलटही घडते. “सेन्सर खोटे दाखवतो” म्हणून इशाऱ्याकडे दुर्लक्ष केले जाते आणि खरोखर तापलेले इंजिन जाम होते. दोन्ही चुकांचे मूळ एकच : तपासणीआधी निष्कर्ष.

केवळ ऐकीव आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या, असा उपदेश तथागतांनी केसपुत्त येथील कालामांना केला. तो वर्कशॉपमध्येही तितकाच उपयोगी आहे.

सेन्सरचे काम

कूलंटचा सेन्सर म्हणजे पितळी आवरणातील एक लहानसा रोधक होय. तो जसा तापतो तसा त्याचा विद्युतरोध कमी होतो. इंजिन कंट्रोलर त्याला सुमारे ५ व्होल्ट पुरवतो आणि तारेवर उरलेल्या व्होल्टेजवरून तापमान ठरवतो. म्हणजे कंट्रोलरला पाणी दिसत नाही, फक्त व्होल्टेज दिसते. तारेत, जोडात किंवा पिनेत काही बिघडले, तर त्यालाही तो तापमानच समजतो. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढील सर्व तपासणी सोपी होते.

कोमात्सु पीसी २००-८ या मशीनचे उदाहरण घेऊ. त्याच्या सेन्सरचा रोध २५ अंश सेल्सिअसला सुमारे १०,००० ओहम, ८० अंशांना १,००० ते १,३०० ओहम आणि १०० अंशांना साधारण ६४० ओहम असतो. इतर बनावटींचे आकडे वेगळे असतात. काही सेन्सर २० अंशांनाच अडीच हजार ओहम दाखवतात. असा सेन्सर आट्यांनी बरोबर बसला, तरी पीसी २००-८ वर थंड इंजिन ६० अंशांच्या आसपास दिसेल आणि चालू कामात विनाकारण बझर वाजेल. म्हणून सेन्सर घेताना आटे नव्हे, पार्ट नंबर पाहावा.

पूर्ण दोष आणि अर्धवट दोष

तार पूर्ण तुटली तर व्होल्टेज ५ च्या जवळ जाते व मॉनिटरवर सीए १४४ हा कोड येतो. सिग्नलची तार घासून बॉडीला टेकली तर व्होल्टेज शून्याकडे जाते व सीए १४५ येतो. असे दोष स्वतःच बोलतात. खरा धोका अर्धवट दोषाचा असतो, कारण त्याला कोड येत नाही.

समजा, गंजलेल्या जोडात ६०० ओहमचा जादा रोध तयार झाला. थंड इंजिनावर १०,००० मध्ये ६०० मिळवले तरी फरक जेमतेम एका अंशाचा. पण इंजिन १०० अंशांवर गेले की ६४० चे १,२४० ओहम होतात आणि काटा ८० अंश दाखवतो! इंजिन उकळायला आले, तरी ऑपरेटर निश्चिंत राहतो.

दुसरा प्रकार म्हणजे कनेक्टरमध्ये पाणी शिरून दोन पिनांमध्ये गळती होणे. गळतीची वाट ५,००० ओहमची असेल, तर थंड इंजिनावर एकूण रोध सुमारे ३,३०० ओहम होतो आणि सकाळीच ५० अंश दिसतात. गरम इंजिनावर मात्र चूक थोडीच राहते. थोडक्यात, गळती थंडपणी उघडी पडते, तर खराब जोड गरमपणी. म्हणून तपासणी दोन्ही वेळी करावी.

तपासणीचा क्रम

१) प्रथम कूलंटची पातळी पाहावी, पण इंजिन थंड असताना. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. पातळी कमी असल्यास सेन्सर वाफेत राहतो व चुकीचे तापमान दाखवतो.

२) रात्रभर उभ्या मशीनची सकाळी फक्त चावी फिरवून मॉनिटरवर कूलंट, हायड्रॉलिक ऑइल आणि हवेचे तापमान पाहावे. सर्व जवळपास सारखे हवे. कूलंट एकटेच वेगळे दिसले तर दोष त्याच्याच सर्किटमध्ये आहे.

३) इंजिन गरम झाल्यावर थर्मोस्टॅटच्या घरावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरावा. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा थोडा कमी येतो. पण थर्मामीटर मॉनिटरपेक्षा जास्त दाखवत असेल, तर मशीन ताबडतोब बंद करावे.

४) चावी बंद करून कनेक्टर काढावा. हिरवा गंज, पाणी, सैल पिन, जुन्या मालकाने टेप गुंडाळून केलेले जोड आणि इंजिनाला घासलेले हार्नेस नीट पाहावे.

५) कनेक्टर उघडा ठेवून चावी चालू करावी. तार तुटल्याचा कोड यायला हवा. चावी बंद करून हार्नेसकडील दोन पिना छोट्या तारेने जोडाव्यात व पुन्हा पाहावे. आता दुसरा कोड यायला हवा. दोन्ही कोड आले तर त्या क्षणी तारा व कंट्रोलर काम करीत आहेत आणि संशय सेन्सरवर किंवा त्याच्या पिनांवर राहतो. न आल्यास दोष तारांमध्ये किंवा कंट्रोलरकडे आहे. हा प्रयोग दोन पिनांच्या सेन्सरवरच करावा. मशीनचे २४ व्होल्ट या तारेला कदापि लावू नयेत, कंट्रोलर जळू शकतो.

६) सेन्सरचा रोध मल्टीमीटरने थंड व गरम पाण्यात मोजून मॅन्युअलशी ताडून पाहावा.

७) तारा मोजताना बॅटरी तोडून दोन्ही टोके मोकळी करावीत आणि हार्नेस हलवत मोजावे. अधूनमधून येणारा दोष हलवल्यावरच सापडतो. तारेत सुई टोचू नये. त्या छिद्रातून पाणी शिरून उद्याचा दोष तयार होतो.

दोष दुरुस्त झाल्यावर कोड पुसून सकाळची व गरम इंजिनाची तपासणी पुन्हा करावी. कंट्रोलर बदलण्याचा विचार सर्वांत शेवटी.

जुने मशीन विकत घेताना

काही विक्रेते सेन्सरच्या जागी ठरावीक रोधक जोडून काटा कायम मधोमध ठेवतात. ओळखणे सोपे आहे : थंड इंजिनावर चावी फिरवताच काटा मधोमध असेल, तर तो सौदा थांबवून तपासणी करावी. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवलेले मशीन पाहू नये, थंड मशीनच पाहावे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते, तेव्हा तांत्रिक प्रशिक्षणाचा विषयही त्या खात्याकडे होता. कामगाराच्या हाती हत्याराबरोबर ज्ञानही असले पाहिजे, हे आपण त्यातून शिकावे. साधा मल्टीमीटर फार महाग नसतो. तो वापरता येणारा तरुण कोणाच्या अंदाजावर अवलंबून राहत नाही आणि कर्जाने घेतलेले मशीन कोणाच्या अंदाजापायी गमावतही नाही. कारणाशिवाय कार्य नाही, ही धम्माची शिकवण मनात ठेवून आपल्या विद्यार्थ्यांनी ही विद्या आत्मसात करावी, हीच सदिच्छा.

जयभीम! नमो बुद्धाय!