नगरपालिकेच्या मालकीच्या घरांची विक्री

स्थानिक स्वराज्य संस्थेने स्वतःच्या मालकीची निवासी घरे भाडेकरूंना अथवा अन्य व्यक्तींना कायमस्वरूपी हस्तांतरित करणे, यास नगरपालिकेच्या मालकीच्या घरांची विक्री असे म्हणतात. अशी घरे प्रामुख्याने कामगार, कर्मचारी व अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांसाठी बांधलेली असतात. इमारत जीर्ण होऊन दुरुस्तीचा खर्च भाड्याच्या उत्पन्नापेक्षा वाढला, की विक्रीचा किंवा पुनर्विकासाचा प्रश्न उपस्थित होतो.

महाराष्ट्रातील कायदेशीर तरतुदी

सावंतवाडी, वेंगुर्ला व मालवण यांसारख्या नगरपरिषदांना महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ लागू होतो. त्यातील कलम ९२ नुसार राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय नगरपरिषदेला स्थावर मालमत्ता हस्तांतरित करता येत नाही. प्रस्तावासोबत एकूण सदस्यसंख्येच्या किमान दोन तृतीयांश बहुमताने संमत झालेला ठराव जोडावा लागतो. तीन वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा मात्र नगरपरिषद स्वतःच्या ठरावाने देऊ शकते. अशा जागेवर भाडेपट्टेदारास पक्के बांधकाम करता येत नाही.

सावंतवाडी तालुक्यातील तेरेखोल खाडीकाठच्या आरोंदा गावासारख्या ठिकाणी ग्रामपंचायत असल्यामुळे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम लागू होतो. त्यानुसार विक्रीसाठी व तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यासाठी जिल्हा परिषद स्तरावरील पूर्वमंजुरी आवश्यक असते. तात्कालिक बहुमताच्या जोरावर सार्वजनिक मालमत्ता कायमची हातची जाऊ नये, हा या बंधनांमागील हेतू आहे.

मुंबईतील बीआयटी चाळी

१८९६ च्या प्लेगच्या साथीनंतर मुंबईत १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्त्या हटवून रुंद रस्ते काढणे व गरिबांसाठी हवेशीर चाळी बांधणे, ही त्याची प्रमुख कामे होती. १९३३ मध्ये ट्रस्ट मुंबई नगरपालिकेत विलीन झाला व या चाळी नगरपालिकेच्या मालकीच्या झाल्या. परळच्या बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे अनेक वर्षे वास्तव्य होते.

मुंबईतील भाडेकरू असलेल्या महापालिका मालमत्तांबाबत थेट विक्रीऐवजी पुनर्विकासाची पद्धत रूढ झाली. तीत जमिनीची मालकी महापालिकेकडे राहते व भाडेकरूंच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेला भाडेपट्टा दिला जातो. भाडेकरूंना नवी घरे विनामूल्य मिळतात, तर विकासक वाढीव चटई क्षेत्रावरील सदनिका विकून खर्च भागवतो.

ब्रिटनमधील अनुभव

ब्रिटनमध्ये १९८० च्या गृहनिर्माण कायद्याने नगरपालिकांच्या भाडेकरूंना राहते घर सवलतीत विकत घेण्याचा हक्क मिळाला. सवलत वास्तव्याच्या कालावधीनुसार वाढत असे. लाखो कुटुंबे घरमालक झाली. परंतु विकलेल्या घरांच्या प्रमाणात नवी घरे बांधली गेली नाहीत व भाड्याच्या सार्वजनिक घरांची टंचाई वाढली. स्कॉटलंडने २०१६ मध्ये व वेल्सने २०१९ मध्ये हा हक्क रद्द केला.

प्रमुख मुद्दे

विक्रीमुळे रहिवाशांना स्थैर्य लाभते आणि नगरपालिकेचा देखभालीचा भार हलका होतो. मात्र विक्रीची रक्कम एकदाच मिळते, भाड्याचे उत्पन्न कायमचे थांबते. सवलतीचा लाभ विक्रीच्या वेळी राहणाऱ्या कुटुंबालाच होतो. पुढील पिढीतील गरजूंसाठी ते घर उरत नाही. दुसरीकडे, निर्णय लांबणीवर पडल्यास मोडकळीस आलेल्या इमारतीत राहणाऱ्यांच्या जीवितास धोका संभवतो. त्यामुळे मिळालेल्या रकमेतून नवी घरे बांधली जातात की नाही, यावर अशा विक्रीचे सार्वजनिक मूल्य बहुतांशी अवलंबून असते.