एस. टी. ने जावे, पायी पाहावे : जुन्नर परिसरातील शालेय सहली

प्राथमिक शाळेतील मुलास भूगोल व इतिहास यांची पहिली ओळख पायाखालच्या भूमीवरून व्हावी, ही अपेक्षा जुनीच आहे. तथापि सहल म्हटली की दूरचे स्थळ, भाड्याची गाडी आणि मोठी वर्गणी असे समीकरण पुष्कळ शाळांतून रूढ झालेले दिसते. परिणाम असा होतो की, ज्यांच्या घरी वर्गणीची ऐपत नाही ती मुले सहलीच्या दिवशी घरीच राहतात. आणि जी जातात त्यांना दूरचे उद्यान ठाऊक होते, पण गावाच्या माथ्यावरील डोंगराचे नाव सांगता येत नाही. एस. टी. चे साधे तिकीट व दोन-तीन तासांची चाल एवढ्यावर भागणारी सहल या दोन्ही उणिवा दूर करू शकते. पाच ते बारा वर्षांच्या मुलांस एस. टी. त अर्धे तिकीट पडत असल्याने प्राथमिक शाळांना ती विशेष सोयीची आहे. अशा सहलींची आखणी कशी करावी, हे जुन्नर या बाजारपेठेच्या गावाचे उदाहरण घेऊन पुढे दिले आहे.

१. जुन्नरचे स्थान

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, कुकडी नदीच्या काठी जुन्नर वसले आहे. पुणे-नाशिक रस्त्यावरील नारायणगावापासून ते पश्चिमेस सुमारे १५ किलोमीटरवर आहे. या गावी बाजारपेठ का वाढली, हा प्रश्न सहलीपूर्वी वर्गात विचारावा. उत्तर नकाशात सापडते. कल्याण व सोपारा या बंदरांतून निघालेला माल सह्याद्री चढून पैठणकडे जावयाचा, तर त्यास घाट हवा. तो घाट म्हणजे नाणेघाट. आणि घाट चढून आलेल्या तांड्यास विसाव्याचे व व्यापाराचे पहिले मोठे ठिकाण ते जुन्नर.

या व्यापाराच्या खुणा भोवतालच्या डोंगरांत कोरलेल्या आहेत. जुन्नरच्या परिसरात दीडशेहून अधिक लेणी असून, त्यांतील लेखांत दाते म्हणून व्यापारी, कारागीर व यवन यांची नावे आढळतात. धान्यविक्रेत्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दान दिल्याचा उल्लेख एका लेखात आहे. पुढे पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी येथे पावसाळा काढून गेला व त्याने आपल्या वृत्तांतात जुन्नरची नोंद केली. येथील हातकागदही एके काळी प्रसिद्ध होता. आज आठवड्याच्या बाजारात धान्याची पोती पाहणाऱ्या मुलास, दोन हजार वर्षांपूर्वीही येथे धान्याचे व्यापारी संघटित होते असे सांगितले, म्हणजे इतिहास त्यास परका वाटत नाही.

२. सहलीच्या चार वाटा

पहिली वाट : शिवनेरी. ही सर्वांत जवळची होय. गडाचा पायथा गावालगतच असल्याने गावातील शाळांना गाडीचीही आवश्यकता नाही. बाहेरगावच्या शाळांनी जुन्नरच्या स्थानकावर उतरून चालत जावे. १९ फेब्रुवारी १६३० रोजी छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म येथे झाला, हे मुलांस ठाऊक असते. पण गड कसा लढविला जाई हे ठाऊक नसते. पायऱ्यांच्या वाटेवर एकामागून एक सात दरवाजे लागतात. ते मुलांना मोजावयास सांगावे आणि प्रत्येक दरवाज्याशी वाट का वळते, याचा विचार करावयास लावावा. वर गंगा-जमुना टाकी, बदामी तलाव व धान्य साठविण्याचा अंबरखाना पाहावा. अन्न व पाणी यांची तरतूद नसता तट कितीही भक्कम असला तरी व्यर्थ होय, हा धडा तेथे आपोआप मिळतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशात समावेश केला, त्यांत शिवनेरी आहे. जयंतीच्या सुमारास मोठी गर्दी होते. त्या दिवसांत लहान मुलांना नेऊ नये.

दुसरी वाट : तुळजा लेणी. जुन्नरच्या पश्चिमेस चार-पाच किलोमीटरवर पाडळी गावाजवळच्या डोंगरात ही लेणी आहेत. येथील चैत्यगृह वाटोळे असून, बारा अष्टकोनी खांबांच्या वर्तुळावर घुमट कोरलेला आहे. वर्तुळ व अष्टकोन या आकृत्या फळ्यावर शिकलेल्या मुलांनी त्या येथे हाताने चाचपून नव्हे, तर नजरेने मोजून वहीत काढाव्यात. ही वाट पहिली-दुसरीच्या वर्गांपेक्षा तिसरी-चौथीस अधिक योग्य.

तिसरी वाट : लेण्याद्री. जुन्नरच्या उत्तरेस सुमारे पाच किलोमीटरवर हे स्थान आहे. तीनशेच्या जवळपास पायऱ्या चढून गेल्यावर तीसएक लेण्यांची रांग लागते. अष्टविनायकांपैकी गिरिजात्मजाचे स्थान म्हणून लोक येथे येतात. ते स्थान म्हणजे मुळात बौद्ध भिक्षूंचा विहार होय. भोवतीच्या खोल्या ही त्यांची निवासस्थाने होती. शेजारच्या चैत्यगृहाच्या लेखात दाता कल्याणचा असल्याचे म्हटले आहे. म्हणजे व्यापाराच्या त्याच वाटेने दानही आले. एकाच खडकात दोन श्रद्धांचे वास्तव्य कसे झाले, हे शिक्षकांनी आदराने व कोणत्याही पक्षाचा अभिनिवेश न धरता समजावून द्यावे. जाताना एस. टी. ने जाऊन मोठ्या मुलांनी परतीस पायी यावे. रस्त्यावर वाहने असल्याने उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल अशा रीतीने, एकेरी ओळीत चालावे.

चौथी वाट : नाणेघाट. ही सर्वांत दूरची आणि सर्वांत फलदायी होय. जुन्नरपासून घाटाचे अंतर तीस-पस्तीस किलोमीटर आहे. घाटघरकडे जाणाऱ्या गाडीत खिडकीशी बसलेल्या मुलांस एक काम द्यावे : शेतातील पीक बदलले की वहीत नोंद करणे. तालुक्याच्या पूर्वेस कांदा, टोमॅटो, ऊस व द्राक्षे. पश्चिमेस भात, नाचणी व रानात हिरड्याची झाडे. पाऊस पश्चिमेकडे वाढत जातो हे वाक्य पाठ करण्याऐवजी मुलांनी ते खिडकीतून पाहिलेले असते. वाटेत पूर गावी कुकडेश्वराचे मंदिर आहे. कुकडीचा उगम तेथलाच.

घाटघर गावापासून पठारावरून सुमारे तासाभराची चाल आहे. घाटमाथ्यावर दगडी रांजण दिसतो. जकातीचे नाणे त्यात टाकीत, असे परंपरेने सांगतात. तेथून खाली उतरणाऱ्या खिंडीत लेणे आहे. त्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील, प्राकृत भाषेतील सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. मागील भिंतीवर राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. त्या नष्ट झाल्या असल्या, तरी वर कोरलेली नावे उरली आहेत.

३. नाणेघाटातील अंकगणित

या लेखात यज्ञप्रसंगी दिलेल्या गायी, घोडे व कार्षापणे यांच्या संख्या अंकांत दिल्या आहेत. आज आपण लिहितो त्या १ ते ९ या अंकांची रूपे ब्राह्मी अंकांपासूनच उत्क्रांत झाली. मात्र त्या काळच्या या लेखनात शून्य नव्हते व स्थानमूल्यही नव्हते. दहा, शंभर व हजार यांना स्वतंत्र चिन्हे होती. म्हणून सतराशे लिहावयाचे तर हजाराचे चिन्ह व सातशेचे चिन्ह अशी जोडणी करावी लागे.

चौथीच्या मुलास एकक, दशक, शतक हे कोष्टक रुक्ष वाटते, याचे कारण त्याविना काय अडते हे त्यास कधी दिसत नाही. शाळेत परतल्यावर मुलांनी स्वतःच दहा, शंभर व हजार यांची चिन्हे कल्पून त्यांत दोन संख्यांची बेरीज करून पाहावी. हातचा कोठे घ्यावा हेच कळेनासे होते. मग शून्य व स्थानमूल्य यांनी माणसाचे केवढे श्रम वाचविले, हे निराळे सांगावे लागत नाही.

४. घाटघरची मुले

नाणेघाटाच्या सहलीत आणखी एक गोष्ट साधावयाची आहे. डोंगरी भागातील मुले तालुक्याच्या गावी येतात तेव्हा पुष्कळदा बुजतात, व गावातील मुले त्यांना मागासलेली समजतात. सहल तेथे जाते तेव्हा हा क्रम उलटतो. घाटाची वाट, रानातील झाडे, धुके कोणत्या बाजूने येते, हिरडा कधी गोळा करावा, हे सर्व तेथील मुलांस ठाऊक असते. यास्तव स्थानिक शाळेशी आधी पत्रव्यवहार करून तेथील मुलांकडे वाटाड्यांचे काम सन्मानाने द्यावे, दुपारची शिदोरी एकत्र सोडावी, आणि पुढे त्या मुलांस जुन्नरची बाजारपेठ व शिवनेरी पाहण्यास बोलवावे. परतभेट झाली नाही, तर पहिली भेट अपुरी राहिली असे समजावे.

५. सुरक्षिततेविषयी सूचना

(अ) सहल नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात काढावी. पावसाळ्यात दगड निसरडे होतात व घाटमाथ्यावर धुक्यात कडा दिसत नाही.

(आ) गाड्यांच्या वेळा आदल्या दिवशी आगारात प्रत्यक्ष विचाराव्यात. परतीची शेवटची गाडी कधीही धरून चालू नये. तिच्या आधीची गाडी हीच आपली गाडी मानावी. बाजाराचा दिवस टाळावा, कारण त्या दिवशी गाड्यांत उभे राहण्यासही जागा नसते.

(इ) जुन्नर तालुक्यात उसाच्या शेतांतून बिबट्यांचा वावर आहे व माणसांवर हल्लेही झालेले आहेत. बिबट्या मुख्यतः सायंकाळी व रात्री हिंडतो. म्हणून सूर्यास्तापूर्वी प्रत्येक मूल घरी पोहोचेल असाच हिशेब धरावा. केवळ स्थानकावर पोहोचविणे पुरेसे नाही. ज्यांची वस्ती उसाच्या शेतापलीकडे आहे त्यांस पालकांच्या हाती द्यावे. कोणत्याही मुलास शौचासाठी एकट्याने शेताच्या कडेस जाऊ देऊ नये.

(ई) शिवनेरी व लेण्याद्री येथील कड्यांवर आग्या मोहोळे असतात. दगड मारणे, आरडाओरड करणे, धूर करणे व उग्र वासाची अत्तरे लावणे पूर्णपणे वर्ज्य समजावे.

(उ) मुलांच्या जोड्या लावाव्यात व गाडीत चढताना, उतरताना आणि प्रत्येक थांब्यावर गणती करावी. एक शिक्षक पुढे व एक सर्वांच्या मागे असावा. पिण्याचे पाणी व प्रथमोपचाराची पेटी सोबत असावी.

६. लेखांचे रक्षण

लेण्यांच्या भिंतींवर आपली नावे कोरण्याची खोड अनेक ठिकाणी दिसते. संरक्षित स्मारकास इजा करणे हा १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक अधिनियमानुसार गुन्हा आहे. परंतु मुलास कायद्यापूर्वी कारण सांगावे. एका अक्षरावर दुसरे ओरखडले गेले की दोन हजार वर्षे टिकलेले ते अक्षर कायमचे जाते, व ते पुन्हा लिहावयास कोणी उरलेले नाही. लेखास हात लावू नये, त्यावर पाणी वा खडू लावू नये. वहीत पाहून उतरवावे. चौथीतील मुलाने ब्राह्मीतील एक अंक आपल्या वहीत नीट उतरविला, तर पुढे भिंतीवर नाव कोरण्याचा मोह त्यास होण्याचा संभव फार कमी.

सहलीनंतर आठवड्याच्या आत प्रत्येक वर्गाने वाटेचा नकाशा, पिकांची नोंद व पाहिलेल्या एका वस्तूचे चित्र तयार करावे. ही कागदपत्रे शाळेतच जपून ठेवावीत. पुढील वर्षीचा वर्ग त्याच वाटेने निघण्यापूर्वी ती वाचील व त्यांत भर घालील.