यंत्रबाहूच्या अवजाराचा भार : अनुमानाची रीत व तिचे प्रयोजन

बिलोलीच्या बाजारात पोते पाठीवर घेणारा हमाल एक हिसका देऊन ते वर सरकवितो, आणि मगच चालू लागतो. त्या हिसक्याने काट्यावरील वजन बदलत नाही. कमरेवरील ताण मात्र बदलतो. औद्योगिक यंत्रबाहूच्या बाबतीत हाच भेद मूलभूत होय. मनगटास जोडलेल्या अवजाराचे वजन नियंत्रकास कळले एवढ्याने भागत नाही. ते वजन कोठे केंद्रित आहे हेही कळावे लागते.

अवजाराच्या भाराचे संपूर्ण वर्णन दहा राशींनी होते : वस्तुमान, गुरुत्वमध्याचे तीन सहनिर्देशक आणि निरूढीच्या सहा राशी. ह्यांवरून नियंत्रक प्रत्येक सांध्यावर अपेक्षित परिबल काढतो. प्रत्यक्ष परिबल त्याहून वेगळे आढळल्यास बाहेरून कोणी अडथळा केला असे तो समजतो. चाकण येथील बजाज ऑटोच्या कारखान्यात 2010 पासून माणसांच्या शेजारी काम करणारे यंत्रबाहू योजिले गेले. 2017 साली टाटा समूहातील टाल कंपनीने 'ब्राबो' हा देशी यंत्रबाहू बाजारात आणला. जेथे कामगार यंत्राच्या हाताच्या टप्प्यात उभा राहतो, तेथे ह्या दहा राशींचा प्रश्न सुरक्षिततेचा होतो.

आता अनुमानाची रीत पाहू. सोयीसाठी गुरुत्वमध्य मनगटाच्या अक्षरेषेवर आहे, पाचव्या सांध्यापासून अवजार बसविण्याच्या तबकडीचे अंतर 0.08 मीटर आहे आणि तिसऱ्या सांध्यापासून पाचव्यापर्यंत अंतर 0.60 मीटर आहे, असे मानू. अग्रबाहू आडवा ठेवून अवजार सरळ खाली लोंबत ठेवावे. समजा, तिसऱ्या सांध्यावर अवजारामुळे 23.54 न्यूटन-मीटर परिबल वाढले. ह्यास 9.81 व 0.60 ह्यांच्या गुणाकाराने भागिले असता वस्तुमान 4 किलोग्रॅम येते. नंतर अवजार आडवे करावे. पाचव्या सांध्यावर 7.85 न्यूटन-मीटर आढळल्यास गुरुत्वमध्य त्या सांध्यापासून 0.20 मीटरवर, म्हणजे तबकडीपासून 0.12 मीटरवर आहे. केवळ पाचव्या सांध्याच्या मापनाने वस्तुमान व अंतर ह्यांचा गुणाकारच मिळतो. दोन्ही वेगळे करण्यास दूरच्या सांध्याची साक्ष लागते. गुरुत्वमध्य अक्षरेषेच्या बाजूस असेल, तर ती रेषा आडवी ठेवून सहावा सांधा फिरविल्यास तेही उघड होते.

सांध्यावरील परिबल बहुधा चलित्राच्या विद्युत् प्रवाहावरून काढतात. त्यात घर्षण मिसळलेले असते. म्हणून तीच स्थिती दोन विरुद्ध दिशांनी सावकाश गाठून दोन मापनांची सरासरी घ्यावी. घर्षणाचा बराचसा अंश त्यायोगे नाहीसा होतो. तसेच अवजाराविना त्याच स्थितींतील मापने वजा करावीत. निरूढीच्या राशी मात्र स्थिर अवस्थेत कळत नाहीत. त्यांसाठी प्रवेगयुक्त हालचाल हवी. वस्तुमान, वस्तुमान व गुरुत्वमध्य-अंतर ह्यांचे गुणाकार आणि निरूढीच्या राशी अज्ञात धरल्यास गतिसमीकरणे एकघाती होतात, व लघुतम वर्ग पद्धतीने ती सोडविता येतात. ॲटकेसन, ॲन व हॉलरबाख ह्यांनी 1986 मध्ये ह्या रीतीचे विवेचन केले.

चुकीची किंमत किती? वरील उदाहरणात वजन 4 किलोग्रॅम हे अचूक नोंदविले, पण गुरुत्वमध्याचे अंतर शून्य ठेविले असे समजा. आडव्या स्थितीत नियंत्रक 3.14 न्यूटन-मीटरची अपेक्षा करील, उरलेले 4.71 त्यास परके वाटेल. पाचव्या सांध्यापासून 0.30 मीटरवरील टोकाशी कोणी सुमारे 15.7 न्यूटन बलाने खाली ओढत आहे, असा त्याचा समज होईल. हाताने वळविण्याच्या अवस्थेत बाहू आपोआप खाली झुकेल. टक्कर नसता यंत्र थांबेल. आणि त्याला कंटाळून कोणी संवेदनमर्यादा सैल केली, तर खऱ्या टकरीच्या वेळी ते थांबावयास उशीर लागेल. अशा वेळी मर्यादेस हात न लावता प्रथम भाराची नोंद तपासणे उचित होय.

अनुमान मिळाल्यावर त्याची स्वतंत्र पडताळणी करावी. अवजार काट्यावर तोलावे. मग ते दोन निरनिराळ्या बिंदूंतून दोरीने टांगून प्रत्येक वेळी ओळंब्याची रेषा आखावी. त्या रेषा जेथे मिळतात तेथे गुरुत्वमध्य. ह्या प्रयोगास यंत्रबाहू लागत नाही; बिलोलीच्या गवंड्याचा ओळंबा पुरतो. दोन्ही उत्तरे जुळल्यावाचून यंत्राशेजारी माणूस उभा करू नये.