रझाकारीतली घरं

नांदेड-लातूरकडच्या खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाला वय विचारलं, तर अजूनही उत्तर येतं, "रझाकारीत मी आईच्या कडेवर होतो." आपल्याकडे 1947-48 च्या त्या वर्षाची आठवण ही अशी आईच्या कडेवरून, भरलेल्या बैलगाडीतून आणि बंद केलेल्या घरातून आलेली आहे. मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात मोर्चे, सत्याग्रह आणि चकमकी भरपूर सापडतात. त्या घरांचं दुःख मात्र फार थोडं लिहिलं गेलं, याची मला मनापासून खंत वाटते.

15 ऑगस्ट 1947 ला देश स्वतंत्र झाला, तेव्हा मराठवाडा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता आणि मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना त्याच दिवशी अटक झाली. लातूरला वकिली करणारा कासीम रझवी निजामाच्या बाजूच्या रझाकार या सशस्त्र दलाचा पुढारी झाला होता. पुढचे तेरा महिने गावोगाव लुटीचे, जाळपोळीचे आणि खुनांचे गेले. नांदेडकडची कुटुंबं पैनगंगा ओलांडून उमरखेडच्या बाजूला गेली, लातूर-उस्मानाबादकडची बार्शी-सोलापूरकडे. लेकरंबाळं, भांडीकुंडी आणि होईल तेवढं धान्य गाडीत घालायचं. पेवातलं धान्य आणि उभं पीक देवाच्या हवाली. म्हातारी माणसं घर राखायला मागं राहत.

राज्याच्या सरहद्दीवरच्या कॅम्पांमधून तरुण निजामाविरुद्ध लढत होते. 30 जानेवारी 1948 ला त्यांनी उमरीची बँक लुटली. ज्याचा मुलगा कॅम्पावर गेला, त्याच्या घरावर पोलीस आणि रझाकार दोघांचाही डोळा. म्हणजे एकाच्या धाडसाची किंमत आई, बायको, भाऊ सगळ्यांनी मोजायची. मुक्तिसंग्रामातले कार्यकर्ते गोविंदराव पानसरे तर त्याही आधी, 1946 मध्ये, अर्जापूरजवळ मारले गेले. त्यांच्या नावाचं महाविद्यालय आज तिथे उभं आहे. अशी ओळख फार थोड्या मृतांच्या वाट्याला आली. बाकीच्यांची नावं घरच्यांच्या तोंडी राहिली आणि पिढीगणिक पुसट झाली.

13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा हैदराबाद राज्यात शिरल्या आणि 17 तारखेला निजाम शरण आला. ही सुटका खरी होती, तिचा आनंदही खरा होता. पण त्याच सुमारास दुसऱ्या घरांवर, मुसलमानांच्या घरांवर, आभाळ कोसळलं. त्याबद्दल आपण कुजबुजतो, लिहीत नाही, आणि हे मला चुकीचं वाटतं. नेहरूंच्या सरकारने पाठवलेली पंडित सुंदरलाल समिती नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये या भागात फिरली. राज्यभरात किमान 27 हजार ते 40 हजार माणसं मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना सगळ्यात जास्त झळ बसली. लातूर तेव्हा उस्मानाबादेत होतं, उदगीर बीदरमध्ये. म्हणजे आजचा जवळपास सगळा लातूर जिल्हा त्यात आला. लातूर शहरात वीसहून अधिक दिवस कत्तल चालली. तिथले सुमारे दहा हजार मुसलमान होते, समितीला जेमतेम तीन हजार दिसले. मारल्या गेलेल्यांपैकी कितीतरी जणांचा रझाकारांशी काडीचाही संबंध नव्हता. एका विहिरीत समितीला अकरा प्रेतं दिसली. त्यांत एक बाई होती आणि तिच्या छातीला तिचं तान्हं बिलगलेलं होतं.

हा अहवाल कित्येक दशकं दडून राहिला. रझाकारांनी मारलेल्यांच्या बायकांनी निदान उघड रडून घेतलं. या कत्तलीत मारल्या गेलेल्या मुसलमानांच्या बायकांना तेवढीही मोकळीक मिळाली नाही. पण त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे, आणि ती या मातीतल्या माणसांचीच आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर भावांना हिंदू जमावापासून वाचवलं. त्यापायी काहींचे जीवही गेले. पळवून नेलेल्या मुसलमान बायकांना शोधून परत आणायला कितीतरी हिंदूंनी मदत केली.