मोसंबीचा शत्रू आणि संगणकाचे अनुमान

अंबड, घनसावंगी, बदनापूर या तालुक्यांतील बागायतदार पाण्याचे दुर्भिक्ष सोसून जिची जोपासना करतात, आणि जिला २०१६ साली भौगोलिक मानांकनाचा दाखला मिळाला, त्या जालन्याच्या मोसंबीला ज्या ग्रीनिंग रोगाचे भय आहे, त्याचा जीवाणू प्रयोगशाळेत स्वतंत्रपणे वाढवणे अद्याप साधलेले नाही. लिबेरिबॅक्टर एशियाटिकस हे त्याचे नाव. तो झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहतो. कोवळ्या नवतीवर मागचा भाग उंचावून बसणारी सायला नावाची इवलीशी कीड हा रोग झाडाझाडांवर पोचवते, हे पुण्यात संशोधन करणाऱ्या कपूर, राव आणि विश्वनाथ यांनी १९६७ साली दाखवून दिले. रोगट पानाच्या मध्यशिरेच्या दोन्ही अंगांचा पिवळेपणा एकमेकांशी जुळत नाही, फळ वाकडे वाढते, कापल्यास बी खुरटलेले व काळपट आढळते; परंतु नुसत्या पिवळेपणावरून जस्ताच्या कमतरतेचा भास होतो आणि उपायाचे दिवस वाया जातात.

रोगाला आळा घालायचा तर जीवाणूची प्रथिने कशी काम करतात हे कळायला हवे. पण जो जीव बशीत वाढत नाही, त्याची कोणती प्रथिने कोणाशी संलग्न होतात हे प्रत्यक्ष पाहणे दुष्कर; म्हणून फ्लोरिडातील एका बाधित सायलापासून मिळवलेला त्याचा सुमारे बारा लक्ष अक्षरांचा जनुकसंच २००९ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा संगणकाचे महत्त्व वाढले. गावच्या जुन्या दप्तरात दोन घराण्यांची नावे प्रत्येक फेरफारात एकत्र आढळली की जाणता कारकून त्यांच्यातील नात्याचे अनुमान बांधतो. तद्वत अनेक जीवाणूंत जी दोन जनुके सतत शेजारी असतात, किंवा एकत्रच राहतात आणि एकत्रच लोप पावतात, त्यांची प्रथिने सहकार्याने काम करीत असावीत, असे गणित सांगते. ई. कोलायसारख्या परिचित जीवाणूत सिद्ध झालेली जोडी लिबेरिबॅक्टरच्या सगोत्र प्रथिनांतही शोधली जाते.

मात्र ज्या प्रथिनांना अन्यत्र सगोत्रच नाही, त्यांच्यापुढे ही पद्धत जवळजवळ मूक होते, आणि झाडावर आघात करणारी प्रथिने पुष्कळदा याच वर्गातली असतात. तेथे दुसरी वाट सापडली. पेशीबाहेर धाडल्या जाणाऱ्या प्रथिनांच्या आरंभीची विशिष्ट खूण संगणकाने हेरली. अशांपैकी एसडीई-१ हे प्रथिन यीस्टच्या पेशींत पारखले असता, ते लिंबूवर्गीय झाडाच्या संरक्षक विकरांना जखडून त्यांचे कार्य रोखते, असे २०१८ साली प्रसिद्ध झाले. अनुमानाला पुराव्याची जोड मिळाली, ती अशी.

एसडीई-१ आणि झाडाची विकरे यांच्यातील हा बंध तोडणारे औषध बागायतदाराच्या हाती येईतो निरोगी मातृवृक्षाच्या डोळ्यांची कलमे आणि नवतीच्या दिवसांत सायलाचा बंदोबस्त, हेच मुख्यतः त्याच्या स्वाधीन आहे. फ्लोरिडाच्या जनुकसंचावर उभारलेली अनुमाने मराठवाड्यातील रोगट झाडांच्या नमुन्यांवरही पारखली जावीत, आणि नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेच्या जोडीने मराठवाड्यातील कृषी विद्यापीठानेही हे काम अगत्याने हाती घ्यावे, असा माझा आग्रह आहे.